प्रयोगशाळेशिवाय जीवशास्त्रात पीएचडी म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की भौतिकशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे, उत्क्रांतीच्या सैद्धांतिक संशोधनात पीएचडी करायची इच्छा आहे, पण ‘सूक्ष्मदर्शक नाही, जिवाणू नाहीत, मग पाच वर्षं करणार काय?’ या घरच्यांच्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. माझी पीएचडी याच विषयातली, फिटनेस लँडस्केपवरची. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1932 साली अमेरिकेत इथाकाला जनुकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी एक चित्र मांडलं. जीव जितका चांगला तगतो आणि जितकी पिल्लं मागे ठेवतो, तितकी त्याच्या जनुकसंचाला उंची द्यायची. मग डोंगरदऱ्यांचा नकाशा तयार होतो, तोच फिटनेस लँडस्केप. नैसर्गिक निवड नेहमी चढाकडे ढकलते, त्यामुळे एखादी प्रजाती बुटक्या टेकडीवर पोचली की तिथेच अडकते, कारण पलीकडच्या उंच शिखरासाठी आधी दरीत उतरावं लागेल.

चित्र इतकं पटतं की ते फसवतं, आणि आमचं बरंचसं काम हे ‘कुठे फसवतं’ ते शोधण्याचं असतं. कागदाला दोनच दिशा असतात. डीएनएची अक्षरं चार, म्हणजे प्रत्येक अक्षर उरलेल्या तिनांपैकी एक होऊ शकतं; म्हणून हजार अक्षरांच्या एका जनुकाला एका बदलाच्या अंतरावर 3000 शेजारी असतात. कागदावर दिसणाऱ्या दरीला वळसा घालणारी वाट या हजारो दिशांपैकी एखादीत असू शकते.

ब्रिटिश उत्क्रांतीशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी 1970 साली हे इंग्रजी शब्दांच्या खेळातून समजावलं होतं. आपण मराठीत करून बघू. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द अर्थपूर्ण हवा. मीठपासून पीकपर्यंत जायचंय. मीठ, पीठ, पीक: जमलं. पण आधी शेवटचं अक्षर बदललं तर ‘मीक’ होतं आणि वाट तिथेच संपते. बदल तेच दोन, फक्त क्रम वेगळा. एका बदलाचा परिणाम दुसरा आधी झालाय की नाही यावर ठरतो, आणि लँडस्केप खडबडीत होतो तो यामुळेच.

2006 साली डॅनियल वाइनराइक आणि सहकाऱ्यांनी हाच हिशोब प्रतिजैविक निकामी करणाऱ्या जिवाणूंच्या एका एन्झाइमवर केला. पाच बदल झाले की सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला होणारा प्रतिकार सुमारे एक लाख पटींनी वाढतो. पाच बदलांचे क्रम 120. त्यातले 102 नैसर्गिक निवडीला बंद निघाले, कारण वाटेत कुठेतरी चढ थांबतो; उरले 18. मी भौतिकशास्त्र सोडून इकडे वळले ती हा आकडा वाचून.

आता रोजचं काम. सगळ्यात साधं मॉडेल घ्या: L जागा, प्रत्येक जागी 0 किंवा 1, आणि प्रत्येक संचाला यादृच्छिक उंची. शिखरं, म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांपेक्षा उंच संच, किती? एकच जागा बदलून मिळणारे असे प्रत्येक संचाला L शेजारी. तो आणि ते मिळून L+1 जण, त्यात सर्वांत उंच तोच असण्याची शक्यता 1/(L+1). म्हणून सरासरी शिखरं 2 चा L वा घात भागिले L+1. वीस जागांना जवळपास 50,000 शिखरं! दोन ओळींचं गणित, पण अडकून पडायला किती जागा आहेत ते लख्ख दिसतं.

पहिल्या वर्षी मी याचा प्रोग्रॅम लिहिला. वीस जागांना उत्तर 52,000 च्या वर येत होतं. पाच टक्क्यांचा फरक, म्हणून मी तो सोडून दिला आणि त्याच कोडवर पुढचे चार महिने काम रचलं. मग मार्गदर्शकांनी तीन जागांचं उत्तर कागदावर काढायला सांगितलं. कागदावर 2 आलं, कोडमधून 2.67. माझं लूप शेवटच्या शेजाऱ्याला वगळत होतं. वीस शेजाऱ्यांत एक विसरला तर कळत नाही, तिनांत विसरला तर लगेच कळतं. चार महिने परत करावे लागले आणि त्याचं मला खूप वाईट वाटलं. तेव्हापासून छोटं उदाहरण हाताने सोडवल्याशिवाय मी मोठं चालवत नाही.

तुमची संभाव्यता आणि सांख्यिकी भौतिकी इथे थेट उपयोगी पडेल. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे भारतात येऊन भारतीय नागरिक झाले, त्यांनी 1927 साली दाखवलं की मोठ्या समूहात एक टक्का फायद्याचं उत्परिवर्तन (जनुकातला नवा बदल) टिकण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. चांगले बदलही बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने नाहीसे होतात. हे जीवशास्त्रच आहे, वहीत केलेलं.

आणि प्रयोगांशी नातं तुटत नाही. 2023 साली झुरिकच्या गटाने ई. कोलाय या जिवाणूच्या एका जनुकातल्या नऊ जागांचे 2,60,000 हून जास्त प्रकार तपासले. शिखरं 514 निघाली, तरी उंच शिखरांकडे नेणाऱ्या चढत्या वाटा भरपूर होत्या. इतका खडबडीत प्रदेश इतका चालण्याजोगा का, हे सांगायला सिद्धांतच लागतो. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावरच आहे.

घरच्यांना दाखवायचं असेल तर एक घन काढा (त्याचे आठ कोपरे म्हणजे तीन जागांचे आठ संच), आठ कोपऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून 1 ते 8 आकडे लिहा आणि तिन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठे कोपरे मोजा. वीसतीस वेळा करा, सरासरी दोनच्या आसपास येईल. मग विचारा की चिठ्ठ्या न टाकता हे आधीच कसं सांगता आलं असतं.