संघाच्या बाकावर बसणारी शिक्षिका

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन कॉलेजांची पत्रं आल्यावर परवा तू विचारलंस, "मावशी, खरं सांग, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये पोरांच्या पदवीला जिंकण्याएवढी किंमत असते का, की ते नुसतं बोलायचं असतं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण तुझी आईही कॉलवर होती आणि तिला तशीच हल्ली झोप लागत नाही. आता सविस्तर लिहिते. पत्र लांबणार आहे, पण एका बैठकीत वाच.

जिंकण्याला मी कमी लेखणार नाही. नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर माझीही दहा वर्षं गेली आहेत. हरून आल्यावर घास गिळत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तुला जिंकायचंय ते चांगलंच आहे. पण तुझ्या घरच्यांनी जो रस्ता पाहिलाय तो वेगळा. आपल्याकडे खेळणाऱ्या पोराला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे क्रीडा कोटा असतो. तुझे बाबा खेळावरच रेल्वेत लागले, घर उभं राहिलं, गुडघे गेल्यावरही पगार चालू राहिला. त्यामुळे "पोरगं खेळतंय ना, मग काळजी नाही" असं त्यांना मनापासून वाटतं. अमेरिकेत कॉलेजसाठी चार वर्षं खेळलास म्हणून कुठलंही खातं तुला नोकरीवर घेणार नाही. तिथून पुढे नेणारा पूल एकच, आणि तो म्हणजे पदवी.

एनबीएचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलचं, म्हणशील तर आकडे मांडून बघ. कॉलेजच्या खेळाच्या सर्वांत वरच्या, पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि एकेका संघात तेरा ते पंधरा मुलं. म्हणजे साडेचार-पाच हजार पोरं झाली. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून जागा साठ, आणि त्यातल्या काही थेट युरोपातून येणाऱ्यांना जातात. आपला सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! एनबीएच्या मुख्य हंगामात एक सामनाही त्याच्या वाट्याला आला नाही. तुझं स्वप्न मोडायला हे लिहीत नाहीये. खेळ जरूर, जीव तोडून खेळ.

मी सतरा वर्षं इथे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवलं. क्रीडा विभागाच्या तळघरात आमची अभ्यासिका होती. रात्री साडेआठला मुलं यायची, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून. बर्फ वितळून पाणी वहीवर ठिबकायचं आणि आकडे पसरायचे. एक मुलगा मला आजही डोळ्यासमोर दिसतो. प्रमाण विचलन काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. मग मी त्याच्याच फ्री थ्रोचे आकडे मागवले, वीस सामन्यांचे. सरासरी त्यानं चटकन काढली. मग एकेका सामन्याचा आकडा सरासरीपासून किती लांब जातो ते मांडत गेला, आणि मध्येच थांबून म्हणाला, "म्हणजे मी वाईट नाहीये, माझा भरवसा नाहीये." त्याला पक्कं समजलं होतं. अशा मुलांना डोकं नसतं, असं म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन.

त्याच मुलाला प्रयोगशाळेचा एक विषय घ्यायचा होता. तास दुपारी दोन ते पाच, आणि प्रॅक्टिस तीनला. प्रशिक्षकांनी नाही म्हटलं नाही. "विचार कर, तुझं तू ठरव," एवढंच म्हणाले. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर काय ठरवणार? त्यानं विषय सोडला, मग मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदललं, संघातले सहाजण ज्या विषयात होते तिथेच जाऊन बसला. चार हंगाम खेळला. शेवटच्या हंगामानंतर त्याची तीन विषयांची क्रेडिट्स राहिली होती, आणि स्कॉलरशिप संपली. पाच वर्षांनी त्याचा फोन आला, "माझी जुनी क्रेडिट्स अजून धरतात का?" त्या फोनचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्याच्यावर नाही. आमच्यावर, माझ्यासकट.

ही काही एका जागची गोष्ट नाही. केव्हिन रॉस नावाचा मुलगा १९७८ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात खेळायला आला. तिथल्या अभ्यासाची त्याची तयारी नव्हती, हे प्रवेश परीक्षेच्या गुणांवरूनच दिसत होतं. त्याला नेमबाजी आणि 'बास्केटबॉलचे सिद्धांत' असले विषय देण्यात आले. त्याचा गृहपाठ वाचायला आणि टंकून द्यायला एक सेक्रेटरी होती, असं त्यानं पुढे कोर्टात मांडलं. १९८२ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा लागणाऱ्या १२८ क्रेडिट्सपैकी त्याच्याकडे ९६ होती, आणि वाचनाची कुवत सातवीतल्या मुलाएवढी. मग हा उंचापुरा तरुण शिकागोच्या एका शाळेत लहान मुलांमध्ये बसून वाचायला शिकला. त्यानं विद्यापीठावर दावा लावला. १९९२ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की शिक्षण निकृष्ट दिलं म्हणून दावा चालणार नाही. पण विद्यापीठानं शिक्षणात भाग घेण्याची खरी संधी द्यायचं कबूल केलं आणि ती दिलीच नाही, एवढ्यापुरता कराराचा दावा मात्र चालू शकतो. शेवटी तडजोड झाली. बाळा, 'खरी संधी' हे शब्द लक्षात ठेव. संधी कागदावर सगळ्यांनाच असते. दुपारी दोनच्या प्रयोगशाळेत तुला जाऊन बसता येतं का, ते बघायचं.

दोन्ही एकत्र जमतच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला जॉर्जटाउन विद्यापीठाचं उदाहरण दे. जॉन थॉम्पसन १९७२ ते १९९९ तिथे बास्केटबॉलचे कोच होते. त्यांच्या ऑफिसात हवा काढलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असायचा. चेंडूतली हवा एक दिवस जाते, मग तुझ्याकडे काय उरतं, हे येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या चपट्या चेंडूकडे बघून कळायचं. पण मला त्याहून मोठी वाटते ती मेरी फेनलन. ती मुळात शिक्षिका, आधी नन होती. थॉम्पसननी मुलांच्या अभ्यासाचं सगळं काम तिच्यावर सोपवलं आणि सामन्याच्या वेळी तिला संघाच्या बाकावर बसवलं, सहायक प्रशिक्षकांच्या रांगेत. हजारो प्रेक्षकांसमोर! अभ्यास बघणारी व्यक्ती तळघरात बसत नाही, ती आमच्या बाकावर बसते, हे मुलांना रोज दिसायचं. त्याच संघानं १९८४ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्या संघातल्या पॅट्रिक युइंगला आधीच एनबीएत जाता आलं असतं, तरी तो चार वर्षं थांबला, १९८५ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला.

आता नियमांचं. तुला तिथे आकडे दाखवतील, म्हणून ते कसे बनतात हे माहीत हवं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पद्धतीत कॉलेजात नव्यानं आलेला मुलगा सहा वर्षांत त्याच कॉलेजातून पदवीधर झाला तरच मोजतात. सोडून गेला की नापासाच्या रकान्यात. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेची पद्धत निराळी. चांगले गुण असताना दुसरीकडे गेलेल्याला ती हिशेबातूनच काढते आणि बाहेरून आलेल्याला धरते. दोन्हींमागे कारणं आहेत, पण एकाच संघाच्या दोन वेगवेगळ्या टक्केवाऱ्या निघतात, आणि माहितीपत्रकात मोठा आकडा छापतात. आणि सहा वर्षं, हां! चार नव्हेत.

शिवाय संघाचा अभ्यास मोजणारा एपीआर नावाचा एनसीएएचा एक निर्देशांक आहे. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक मुलामागे दर सत्राला दोन गुण, एक खेळायला पात्र राहिल्याचा आणि एक कॉलेजात टिकल्याचा. पूर्ण हजार, आणि ९३० च्या खाली गेलात तर हंगामानंतरची स्पर्धा बंद. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष संघानं २०११ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, याच निर्देशांकापायी २०१३ च्या स्पर्धेला मुकला, आणि २०१४ मध्ये केंटकीला ६०-५४ नं हरवून पुन्हा विजेता झाला. ती बंदी आधीच्या वर्षांच्या गुणांवरून लागली होती. भोगली मात्र त्यानंतर संघात असलेल्या पोरांनी. म्हणून नियमावर विसंबून राहू नकोस. त्यात 'पात्र' राहणं मोजलं जातं, शिकणं नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवीचा ४० टक्के भाग पुरा हवा, तिसऱ्याच्या शेवटी ६०, चौथ्याच्या शेवटी ८०. हेतू चांगलाच आहे. पण त्यामुळेच अवघड मेजर घेऊन अडखळलेला मुलगा घाबरतो, आणि ॲडव्हायझर त्याला सोप्या वाटेनं वळवतो. खेळाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, पण विमानात आणि बसमध्ये जाणारा वेळ त्यात धरत नाहीत. फेब्रुवारीत तू सकाळी साडेतीनला हॉस्टेलवर पोचशील आणि आठला तास असेल.

मग कॉलेज बघायला जाशील तेव्हा काय करायचं? व्यायामशाळा तुला ते स्वतःहूनच दाखवतील. तुझ्या नावाची जर्सी टांगलेली असेल, फोटो काढतील. ते होऊ दे, आनंदानं काढ. नंतर म्हण, मला अभ्यासाचं बघणाऱ्या बाईंना किंवा सरांना एकट्याला भेटायचंय. त्यांना विचार, तुमचं म्हणणं कोच ऐकतात का? आणि उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा बघ. तुला इंजिनिअरिंग करायचंय ना? मग गेल्या पाच-सहा वर्षांत इंजिनिअरिंग केलेला एक तरी खेळाडू मागून घे आणि त्याला फोन लाव. शेवटच्या वर्षातली मुलं आता कुठल्या विषयात आहेत, ते विचार. सगळी एकाच विषयात असली तर समज की तिथे वेळापत्रक प्रॅक्टिसवरून ठरतं. खेळायची वर्षं संपल्यावर पदवी पुरी करायचा खर्च कोण करणार, हे लेखी घे. बरीच मोठी कॉलेजं ही हमी देतात, पण मागितल्याशिवाय कुणी समोर ठेवत नाही.

पैशाचंही लिहिते, कारण तुझे मित्र तेच बोलत असणार. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेटही पैसे देऊ लागली आहेत, एकेका कॉलेजनं सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला दोन कोटी डॉलर्सपेक्षा थोड्या जास्त मर्यादेपर्यंत. पोरांच्या घामावर इतरांनी इतकी वर्षं कमावलं, तेव्हा हे योग्यच झालं असं मी मानते. पण तू एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असशील, आणि त्यावर अशी कमाई सहज करता येत नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक ईडी, कॅनडाचा, दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तरी त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांसारखी कमाई त्याला अमेरिकेत राहून मोकळेपणी करता येत नव्हती. कुणी कितीही गोड बोललं तरी वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. उलट पदवी हातात असली की सध्याच्या नियमांप्रमाणे तुला एक वर्ष इथे काम करता येतं, आणि इंजिनिअरिंगसारख्या विषयात आणखी दोन. तुझ्यासाठी ती तीन वर्षं कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहेत. दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्यांच्या नादीही लागू नकोस. बदलताना क्रेडिट्स गळतात, आणि वर लिहिलेले ४०-६०-८० पुन्हा जुळवत बसावं लागतं.

आता एनबीएच्या टोरांटो संघातल्या व्हिन्स कार्टरचं. २० मे २००१, रविवार. त्या दिवशी फिलाडेल्फियात टोरांटोचा सातवा, निर्णायक सामना होता, आणि त्याच सकाळी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. कार्टर तीन वर्षांनी कॉलेज सोडून एनबीएत गेला होता, पण राहिलेली क्रेडिट्स त्यानं पुरी केली होती. तो सकाळी विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिलला गेला, गाउन घालून बसला, तिथून विमानानं फिलाडेल्फिया गाठलं आणि सामना खेळला. शेवटच्या दोन सेकंदांत चेंडू त्याच्याच हातात आला. फेक रिंगला लागून बाहेर आली. ८८-८७, टोरांटो हरलं. लोकांनी किती टीका केली! सकाळी तिकडे कशाला गेला, म्हणून. मी त्या वेळी इथे नवीन होते, टीव्हीसमोर बसून मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. नंतर त्या तळघरात इतकी वर्षं काढल्यावर मत बदललं. तो त्यानंतरही वर्षानुवर्षं खेळला, २०२० पर्यंत. त्याच्या हातून अशा शेकडो फेकी आत गेल्या आणि शेकडो बाहेर. गाउन घालून आपल्या माणसांसमोर बसायची ती सकाळ त्याला एकदाच मिळणार होती. तो गेला ते बरोबर केलं, असं मी आज कुणाशीही वाद घालून सांगेन.

दोन पत्रांपैकी लहान कॉलेजचं पत्र तू बाजूला ठेवलंयस, असं तुझ्या आवाजावरून वाटलं. ते बाजूला ठेवू नकोस. त्यांच्या कोचनी तुझी गणिताची गुणपत्रिका स्वतःहून मागवली, असं तू बोलता बोलता म्हणालास. माझा कान तिथेच अडकला. मोठ्या कॉलेजनं तुझ्या गुडघ्याचा एमआरआय मागवला. दोन्ही मागणं रास्त आहे, पण कुणी आधी काय मागितलं, ते बघ.

रविवारी तुझ्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सातला फोन कर. दोन्ही पत्रं आणि दोन्ही कॉलेजांतल्या इंजिनिअरिंगचा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम समोर ठेव. मी प्रॅक्टिसच्या वेळा मागवून ठेवते, एकेक तास लावून बघू कुठे अडतंय. आणि गुडघ्याचं आईला खरं सांग. तिला तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

तुझी,
मावशी