नवऱ्याची सुंता झाल्यावर बायकोच्या शरीरसुखात फरक पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा ४८ वर्षांचा, मधुमेह आहे, लिंगाची पुढची कातडी मागे सरत नाही, संबंधाच्या वेळी फाटते, आणि फोंड्यातल्या सर्जननी सुंता सुचवली आहे. त्यानंतर तुमचं सुख कमी होईल का, हे डॉक्टरांना विचारायला तुम्हाला लाज वाटली. लाज सोडा. ऑपरेशन त्यांचं असलं तरी संसार दोघांचा आहे.

बहुतेक बायकांना सुंतेमुळे फरक जाणवत नाही. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात एचआयव्हीच्या अभ्यासासाठी निरोगी पुरुषांची सुंता केली होती. त्यांच्या साडेचारशेच्या आसपास जोडीदारणींना आधीचा आणि नंतरचा अनुभव विचारला. २००९ साली छापून आलेलं उत्तर असं: ५७.३ टक्के बायका म्हणाल्या काही बदल नाही, ३९.८ टक्के म्हणाल्या सुख वाढलं, २.९ टक्के म्हणाल्या कमी झालं. वाढलं म्हणणाऱ्यांनी स्वच्छता आणि नवऱ्याला लागणारा जास्त वेळ ही कारणं सांगितली.

उलट बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कच्या २०११ च्या सर्वेक्षणात सुंता झालेल्या पुरुषांच्या बायकांपैकी १२ टक्क्यांनी संबंधाच्या वेळी वारंवार दुखतं असं सांगितलं, इतरांत हे प्रमाण ३ टक्के होतं. तिथे सुंता झालेले पुरुष जेमतेम ५ टक्के, म्हणजे हा आकडा मोजक्याच बायकांवर उभा आहे, आणि एकदाच विचारलेल्या प्रश्नांवरून कारण सिद्ध होत नाही. तरी मी तो अभ्यास बाजूला टाकणार नाही, कारण ही तक्रार शरीराच्या रचनेशी जुळते. सैल कातडी असते तेव्हा लिंग काही अंशी स्वतःच्याच कातडीत सरकतं. ती काढली की ते घर्षण योनीच्या आतल्या अस्तरावर येतं. पुरेसा ओलावा असेल तर ते कळतही नाही. कोरडेपणा असेल तर आग होते, आणि पाळी जायच्या वयात कोरडेपणा अनेकींना असतोच. मग दोष सुंतेला दिला जातो. शिवाय बहुतेक बायकांचं सुख योनीच्या आतल्या घर्षणापेक्षा बाहेरच्या शिश्निकेवर (क्लिटोरिसवर) जास्त अवलंबून असतं, तिथे या कातडीचा संबंध येत नाही.

पण तुमच्या घरचा प्रश्न जरा वेगळा आहे. राकाईतले पुरुष धडधाकट होते, तुमच्या नवऱ्याला आजार आहे. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे फाटणारी कातडी ही आपल्याकडे घराघरातली, पण कोणी न बोलणारी तक्रार असणार. लघवीत साखर उतरते, कातडीखाली बुरशी वाढते, बारीक चिरा पडतात, चिरा भरताना व्रण आकसतो, आणि आकसलेली कातडी पुन्हा फाटते. त्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का ते आजच बघा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्यामुळे ही बुरशी वाढू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. तुम्हालाही खाज किंवा दह्यासारखा स्राव असेल तर दोघांनी एकदमच उपचार घ्या, नाहीतर खाज राहते आणि पुन्हा तपासण्या सुरू होतात.

कातडी मऊ असेल तर सुंतेआधी मलम वापरून बघता येतं: आधी बुरशीसाठी क्लोट्रिमाझोल, ती गेली की बीटामेथासोन हे स्टेरॉइड मलम ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा, ४ ते ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फार्मसीतून आपल्या मनाने स्टेरॉइड आणून लावू नका, बुरशी असताना ते आगीत तेल. कातडी पांढरट आणि कडक झाली असेल तर मलमावर वेळ घालवण्यापेक्षा सुंता बरी, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा. अशा वेळी नवऱ्याचं दुखणं थांबतं, आणि माझ्या मते तुमचं सुख कमी होण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. किती कातडी ठेवणार? जास्त कापली तर ताठरतेच्या वेळी ओढ बसते. आणि खालची लगाम, म्हणजे मण्याखालचा (लिंगाच्या टोकाखालचा) तो नाजूक पडदा, वाचवणार का? तो फार संवेदनशील असतो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, तपासून साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या, कारण वाढलेल्या साखरेत जखम चिघळते. चतुर्थीच्या तोंडावर तारीख नको, पहिले दहाएक दिवस स्कूटर आणि उचलापाचल बंद असते.

टाके बहुधा विरघळणारे असतात, दोन-तीन आठवड्यांत गळतात. मण्याला तेवढे दिवस कपडाही टोचतो, मग सवय होते. संबंध मात्र पूर्ण सहा आठवडे नाहीत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: वरून भरलेलं दिसतं, चौथ्या आठवड्यात प्रयत्न होतो, जखम उघडते, आणि त्या दुखण्याची भीती दोघांच्या मनात बसते. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं दाबून धरा. थांबलं नाही, पू आला किंवा ताप भरला तर थेट म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा, जे जवळ पडेल तिथे.

पहिल्या वेळी पाण्यावर आधारित जेल भरपूर वापरा, दोघांनाही. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, पण कंडोम वापरत असाल तर ते नको, तेलाने लेटेक्स कमकुवत होऊन फाटतं. आणि सहा आठवड्यांनंतर ताठरता कमी वाटली तर ते सुंतेवर ढकलू नका. मधुमेह नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो, त्यावर वेगळे उपचार आहेत आणि ते यूरॉलॉजीच्या (मूत्ररोग विभागाच्या) ओपीडीत मागता येतात. त्या दिवशी तुम्हीही सोबत आत जा.