वहिनींच्या हातात बसेल तोच घ्या

प्रश्न : लग्नाला २५ वर्षं होताहेत. बायको मोबाइलवर पाखरं टिपते आणि झूम केलं की फोटो फाटतो म्हणून हळहळते. तिला गुपचूप कॅमेरा द्यायचाय. फुल फ्रेम घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गुपचूप नको! मी बेळगावात फोटो स्टुडिओ चालवतो, तरी हीच चूक केली. आमच्या हिला भलामोठा कॅमेरा आणून दिला. दोनदा गळ्यात घातला, मान दुखली, कपाटात गेला. जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीला उघडला तर लेन्समध्ये बुरशीची जाळी!

फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मोठा, ३६ × २४ मिलिमीटरचा. फोटो देखणा येतो, पण पाखरांसाठी लागणारी लांब लेन्स जड आणि महाग. तुम्ही लहान, एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा बघा. कॅननचा आर ५० बॅटरी-कार्डासकट जेमतेम ३७५ ग्रॅम. त्यावर २१० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ३३६ मिलिमीटरच्या लेन्ससारखी जवळची चौकट देते. भीमगडच्या रानात झाडाच्या शेंड्यावरचा धनेश तरीही लहानच दिसेल, पण परसातल्या बुलबुलाला झकास. मेगापिक्सेलचे आकडे सोडून द्या, मोठ्या लेन्सचे पैसे मात्र राखून ठेवा.

वहिनींना घेऊनच दुकानात जा. चष्मा लावून व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, नीट दिसतं का, ते त्यांनाच बघू दे. आणि हो, घट्ट झाकणाचा डबा न् ओल शोषणारं सिलिका जेल त्याच दिवशी घ्या.