उणे ०.४ दिसले म्हणून ओपनिंग सोडायचे का?

प्रश्न : बारा वर्षांची भाची बुद्धिबळात पांढऱ्या मोहऱ्यांनी किंग्ज गॅम्बिट ही ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात (१. ई४ ई५ २. एफ४), खेळते. डाव संपला की मोबाइलवर स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे स्थिती आकड्यात तोलणारा प्रोग्रॅम, लावते आणि दुसऱ्याच चालीला उणे ०.४, म्हणजे काळा किंचित वरचढ, दिसले की हिरमुसते. आकडाही सारखा हलत असतो. ओपनिंग बदलावे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून तर मुळीच नको. पूर्वी १.०० म्हणजे ढोबळमानाने एक प्यादे असे धरत. स्टॉकफिश १५.१ मध्ये, २०२२ साली, मोजपट्टी बदलली. आता +१.०० म्हणजे त्या स्थितीतून इंजिन स्वतःशीच खेळले, तर पांढरा निम्मे डाव जिंकेल. उणे ०.४ वरून दोन्हीकडे इंजिनच बसले, तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतील. आणि शालेय स्पर्धेत समोर इंजिन बसत नाही!

आकडा हलतो तो खोलीमुळे, म्हणजे इंजिन किती चाली पुढचे पाहते त्यामुळे. पहिल्या काही सेकंदांचा आकडा सोडून द्या. खोली २४-२५ च्या पुढे गेली आणि आकडा तिथेच राहिला, तरच वहीत उतरवा. फोन तापला की इंजिन मंदावते, तेव्हा जरा जास्त थांबा.

खरे पाहायचे ते पुढेच. सेटिंगमध्ये इंजिनने सुचवलेल्या चालींच्या एकाऐवजी तीन ओळी मागवा आणि पहिल्या-दुसऱ्या ओळीतले अंतर बघा. चाल प्रतिस्पर्ध्याची असताना अंतर मोठे असेल, तर एकच चाल शोधायची डोकेदुखी त्याची. चाल आपली असताना मोठे असेल, तर ती चाल पाठच हवी.

उदाहरणार्थ १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा डी४. काळ्याचा हा सापळा मुलांना फार आवडतो. पांढऱ्याने हावरेपणाने ४. घोडा ई५ वरचे प्यादे मारले, की वजीर जी५, मग ५. घोडा एफ७ मारतो, वजीर जी२ मारतो, ६. हत्ती एफ१, वजीर ई४ मारून शह, ७. उंट ई२, घोडा एफ३ मात. पण तिसऱ्या चालीनंतर तीन ओळी लावून पाहा : डी४ वरचा घोडा मारणे, सी३, किल्लेकोट, तिन्ही पांढऱ्याला चांगल्या. तिथला आकडा मनावर घ्यावा, कारण पांढऱ्याची साधी चालसुद्धा काळ्याला महागात पडते.

किंग्ज गॅम्बिटमध्ये तसे नाही. काळ्याने एफ४ चे प्यादे मारून पुढे जी५ खेळले, की त्यालाही राजा सांभाळत नेमक्या चाली शोधाव्या लागतात. मात्र २... उंट सी५ ला भाचीने एफ४ च्या प्याद्याने ई५ मारू नये. वजीर एच४ शह येतो; जी३ ला वजीर ई४ वर शह देत हत्तीही धरतो, राजा ई२ ला तर ई४ वर सरळ मात. असे दोन-चार खड्डे पाठ करून घ्या. आमच्या मते ०.३ पर्यंतचा फरक या वयात विसरावा, उणे १ च्या खाली गेलेली ओळ मात्र सोडावी.

प्रश्न : माझ्या संगणकावरच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक चालीनंतर आकड्याचे अधिक-उणे चिन्ह उलटते. बिघाड आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही. काही प्रोग्रॅम ज्याची चाल त्याच्या बाजूने आकडा दाखवतात. पटावरून काळ्याचा वजीर काढा. पांढऱ्याची चाल असताना अधिक आणि काळ्याची असताना उणे आले, तर तोच प्रकार. सेटिंगमध्ये पांढऱ्याच्या बाजूचा पर्याय असल्यास तो निवडा. आणि ०.०० दिसले तर खालची ओळ वाचा. पुष्कळदा तिथे शहांची पुनरावृत्ती असते आणि ती चुकली तर डाव जातो.