प्रश्न तुमचे : प्रजातीचे नाव कोणत्या खुंट्याला बांधलेले असते?

प्रश्न : हिवाळ्यात गोरेवाड्याच्या बाभळींत दिसणारा लेसर व्हाइटथ्रोट हा छोटा पक्षी जुन्या पुस्तकात ‘सिल्व्हिया कुरुका’ आहे, नव्या यादीत ‘कुरुका कुरुका’. प्रजात (जीनस) फुटली तेव्हा ‘सिल्व्हिया’ हे नाव कोणाकडे राहावे, हे कोण ठरवते?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ते टाइप स्पीशीजवरून ठरते. प्रजातीचे, म्हणजे जीनसचे, नाव एका ठरलेल्या जातीला, म्हणजे स्पीशीजला, खुंट्यासारखे बांधलेले असते. ‘सिल्व्हिया’ची टाइप म्हणजे युरोपातला ब्लॅककॅप हा पक्षी. जनुकीय अभ्यासानंतर गट फुटला, तेव्हा नाव ब्लॅककॅपच्या बाजूला राहिले. उरलेल्यांसाठी जर्मन निसर्गतज्ज्ञ बेखश्टाइनचे 1802 मधले ‘कुरुका’ हे नाव मिळाले आणि त्याची टाइप तर आपला लेसर व्हाइटथ्रोटच. टाइप जात गटातली सर्वांत नमुनेदार असते, हा समज मात्र काढून टाका. ती फक्त नाव धरून ठेवते.

टाइप शोधायची तर प्रजातीचे मूळ प्रकाशन उघडा. लेखकाने टाइप स्पष्ट सांगितली असेल तर शोध तिथेच संपला. नसेल, पण प्रजातीत एकच जात घातली असेल, तर तीच टाइप. याला मोनोटाइपी म्हणतात. अनेक जाती असतील, तर एखादीचे नाव प्रजातीच्या नावाशी जुळते का ते पाहा. ही टॉटोनिमी, ‘कुरुका’ची टाइप अशीच ठरली. हे काहीच नसेल, तर नंतर ज्याने सर्वांत आधी प्राणिनामकरणाच्या नियमानुसार निवड केली, त्याची निवड कायम. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांच्या 1840 आणि 1841 च्या याद्या म्हणूनच पुन्हा पुन्हा चाळाव्या लागतात. 1930 नंतरच्या नव्या प्रजातींना ही सवलत नाही. मूळ प्रकाशनातच टाइप निश्चित केलेली नसेल तर ते नाव ग्राह्यच धरले जात नाही.

चूक बहुतेकदा निवडीच्या टप्प्यावर होते. टाइप मूळ लेखकाने त्या प्रजातीत घातलेल्या जातींतूनच घ्यावी लागते, आजच्या यादीतून नाही. मोराचेच पाहा. प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ‘पावो’मध्ये आपला मोर घातला आणि ‘पावो बायकॅल्केरेटस’ही. हा दुसरा पक्षी आज ‘पॉलिप्लेक्ट्रॉन’मध्ये आहे. हिरवा मोर आज ‘पावो’त असला, तरी लिनियसने त्याला नाव दिले 1766 मध्ये. म्हणून तो या प्रजातीची टाइप होऊच शकत नाही. ती आपला मोरच आहे. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे एखाद्या लेखकाने ‘उदाहरणार्थ अमुक जात’ असे लिहिलेले निवड म्हणून धरणे. तेवढ्याने निवड होत नाही.

प्रश्न : मेळघाटातल्या रानपिंगळ्याची ‘हेटेरोग्लॉक्स’ ही प्रजात रद्द झाली का?
– एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : नाव रद्द झाले नाही, समानार्थी ठरले. ह्यूम यांनी 1873 मध्ये या एकाच जातीसाठी ती प्रजात केली, म्हणून तिची टाइप मोनोटाइपीने रानपिंगळाच. 2018 च्या जनुकीय अभ्यासानुसार तो ‘अथेने’तलाच. बोई यांचे ‘अथेने’ 1822 चे, म्हणजे जुने, म्हणून तेच वापरायचे. त्याची टाइप युरोपातला लिटल आउल. ती ग्रे यांनी 1841 मध्ये निवडली. रानपिंगळ्याला पुन्हा वेगळे काढायची वेळ आली, तर ‘हेटेरोग्लॉक्स’ त्याच्यासाठी तयारच आहे. तोवर ‘अथेने ब्लेविटी’ लिहिताना पुढचे ‘ह्यूम, 1873’ कंसात टाका. मूळ प्रजात बदलली आहे, ही त्या कंसाची खूण.