दुसऱ्यांचेच पेपर वाचतेस ना, मग तुझं स्वतःचं काय?

मी करिअर समुपदेशक, माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत हल्ली डॉक्टर बरेच असतात आणि त्यांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो, प्रॅक्टिस सोडून टीचिंग-रिसर्चला गेलो ते चुकलं का. त्यातलीच ही एक केस. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय 34, एमडी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे कॉलेजात सगळे ज्याला पीएसएम म्हणतात ते. एका मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर, शिकवते आणि सिस्टेमॅटिक रिव्ह्यू करते. म्हणजे एखाद्या उपचारावर जगभर झालेले सगळे अभ्यास शोधायचे, आधीच लिहून ठेवलेल्या नियमांनी चाळायचे, प्रत्येकावर किती भरवसा ठेवायचा ते तपासायचं आणि मग सगळे मिळून काय सांगतायत ते मांडायचं. नवरा ऑर्थोपेडिक सर्जन, तालुक्याच्या गावी स्वतःचं हॉस्पिटल.

पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, मला तू म्हणा." मग एका दमात सगळं सांगितलं, सासरे दर दिवाळीला विचारतात की हॉस्पिटलात एक केबिन रिकामी आहे तू कधी बसणार, माहेरी बाबा म्हणतात एवढं एमडी करून शेवटी कॉम्प्युटरवरच बसायचं होतं का, आणि डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये एक सीनियर सर सगळ्यांसमोर म्हणाले की हा कसला रिसर्च, दुसऱ्यांनी रांधलेलं आपल्या ताटात वाढून घ्यायचं. हे सांगताना ती शांत होती. रडली ती दुसऱ्याच गोष्टीवर. एका लग्नात मामेसासूबाई एक्स-रेचं पाकीट घेऊन आल्या, ही पुढे झाली, हात पण पुढे केला, तर त्यांनी तिला ओलांडून पाकीट नवऱ्याच्या हातात दिलं. बस, एवढंच. पण तो पुढे केलेला हात तिच्या डोक्यातून जात नव्हता.

मी तेव्हा समजूत घातली नाही. अशा वेळी "अगं तुझं काम पण महत्त्वाचं आहे" म्हणणं सोपं असतं, आणि समोरच्याला बरोबर कळतं की ह्यांना माझं काम नक्की काय ते माहीत नाहीये. म्हणून मी विचारलं, कामाच्या दिवसात असा कुठला वेळ असतो जेव्हा तू घड्याळ बघत नाहीस?

ती जरा थांबली आणि मग अशी बोलायला लागली की मी अर्धा तास मधे तोंड उघडलं नाही. म्हणाली, मागच्या महिन्यात एक पेपर होता, टायटलमध्येच रँडमाइज्ड लिहिलेलं (म्हणजे कुठल्या पेशंटला कुठलं औषध ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं), सगळं व्यवस्थित, तिने आणि तिच्या कलीगने नेहमीसारखा वेगवेगळा तपासला (दोघींनी एकमेकींना न विचारता तपासायचं असा नियमच असतो, दोघींचं जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं). कलीगने ओके दिलं. हिला मेथड्समधलं एक छोटंसं वाक्य खटकलं, केसपेपर नंबर सम असेल तर नवीन औषध, विषम असेल तर जुनं. आता ह्यात काय बिघडलं असं मला वाटलं, तेव्हा तिने समजावलं की मग पेशंट दारात असतानाच डॉक्टरला कळतं की ह्याला कुठलं औषध जाणार, नवीन औषधाची पाळी असताना पेशंट जास्त सीरियस दिसला तर हा अभ्यासात नको म्हणून त्याला बाजूला ठेवता येतं, कोणी मुद्दाम करतं असं नाही पण होतं, आणि मग नवीन औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसायला लागतं. तिने ऑथरला ईमेल केला, तीन आठवड्यांनी उत्तर आलं, हो तसंच केलं होतं. तो पेपर हाय रिस्कमध्ये, म्हणजे कमी भरवशाच्यांत टाकला, त्याला वगळून गणित परत केलं, तर औषधाचा फायदा निम्म्यावर आला.

मी म्हटलं, हे दुसऱ्याचं रांधलेलं वाढून घेणं आहे का? ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या भेटीआधी मी स्वतः थोडं वाचलं, मला वाटतं समुपदेशकाने एवढं करायलाच हवं. कोक्रेन ही संस्था 1993 मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली, ह्या कामातलं सगळ्यात मोठं नाव. तिच्या लोगोत आडव्या रेघा आणि खाली पत्त्यांतल्यासारखी एक चौकट आहे, मला आधी ते नुसतं डिझाइन वाटलं होतं. ते खरे आकडे आहेत. दिवस भरायच्या आधी बाळंतपण होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात, ह्यावरच्या सात ट्रायल्स म्हणजे त्या सात रेघा. पहिली न्यूझीलंडची, 1972 मध्ये छापून आलेली. बहुतेक रेघा एकेकट्या बघितल्या तर मधल्या उभ्या रेघेला छेदतात, म्हणजे फायदा आहे का नाही हे ठाम सांगता येत नाही, पण सगळ्या एकत्र केल्या की खालची चौकट स्पष्ट फायद्याच्या बाजूला जाते. हे एकत्र करायला वर्षानुवर्षं उशीर झाला आणि तेवढा काळ बऱ्याच डॉक्टरांनी ते इंजेक्शन दिलंच नाही. किती बाळं त्यात गेली असतील.

मी तिच्यासमोर कागदावर तो लोगो काढला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या नणंदेला बत्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या होत्या. डेक्साची, म्हणजे ह्याच स्टेरॉइडची चार इंजेक्शनं, बारा बारा तासांनी. सासूबाई चारही वेळा शेजारी बसून होत्या." तो भाचा आता पाच वर्षांचा आहे, दिवाळीत चकल्यांचा डबा त्याच्यापासून लपवावा लागतो. आणि एवढी वर्षं त्या घरात राहून, हेच शिकवून, हिला ही दोन टोकं कधी जोडावीशी वाटली नव्हती!

आता प्रॅक्टिकल बाजू, कारण नुसत्या भावनेवर करिअर चालत नाही. तिला वाटत होतं रिव्ह्यू प्रमोशनला धरत नाहीत, तिच्या कॉलेजात तसंच बोललं जायचं. तर 2020 च्या एमसीआयच्या (मेडिकल कौन्सिलच्या) बदलात आणि नंतर तिच्या जागी आलेल्या एनएमसीच्या 2022 च्या नियमांत सिस्टेमॅटिक रिव्ह्यू आणि मेटा-अॅनालिसिस (म्हणजे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेलं उत्तर) स्पष्ट लिहिले होते, जर्नल ठरलेल्या इंडेक्समधलं, म्हणजे यादीतलं हवं होतं आणि ऑथरमध्ये आपली जागा वरची हवी होती एवढंच. आपल्या पदाला लागू असलेला नियम मूळ कागदावर वाचायचा, स्टाफरूममधल्या चर्चेवर जायचं नाही. कामाच्या जागाही आहेत, वेल्लोरच्या सीएमसीत कोक्रेनचं काम जुनं आहे, केंद्र सरकारच्या हेल्थ रिसर्च विभागाने 2017 मध्ये हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट (एखादा उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगी ते तपासणं) सुरू केलं त्याचं एक केंद्र मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या संस्थेत आहे, आणि डब्ल्यूएचओच्या गाइडलाइन्स तर अशा रिव्ह्यूंवरच उभ्या असतात.

पण अवघड जे आहे तेही मी तिला सांगितलं. अशा प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टवर असतात, फंड संपला की नोकरी संपली. एक रिव्ह्यू रजिस्टर होऊन छापून यायला सरासरी 67 आठवडे लागतात असं 2017 च्या एका अभ्यासात निघालं होतं, म्हणजे सव्वा वर्षाच्या वर, आणि घरात नवरा दोन तासांत माणसाचं खुब्याचं हाड बसवून जेवायला येतो. ही तुलना रोज डोळ्यांसमोर असेल तर कोणालाही आपण काहीच करत नाही असंच वाटणार, त्यात तिचा स्वभाव कमजोर वगैरे काही नाही. आणि झटपट पेपर हवेत म्हणून तेच तेच रिव्ह्यू पाडणारे लोकही खूप झालेत, जॉन आयोनिडिस ह्या संशोधकांनी 2016 मध्येच ह्यावर कडक लिहिलंय. त्या वाटेला जाऊ नकोस, वर्षाला एकच कर पण ते सम-विषमचं वाक्य पकडलंस तसं मेथड्सपर्यंत जाऊन कर, असं मी स्पष्ट बोलले.

सॉफ्टवेअर हे काम खाऊन टाकेल का, ही भीती हल्ली प्रत्येकजण घेऊन येतो, तीही घेऊन आली होती. चाळणीचं काम नक्की हलकं होईल. पण 2021 ची, कोविडवर वापरलेल्या आयव्हरमेक्टिन ह्या औषधाची गोष्ट तिनेच मला सांगितली. इजिप्तमधला एक मोठा अभ्यास कितीतरी मेटा-अॅनालिसिसमध्ये घेतला गेला होता, लंडनमधल्या एका मेडिकल विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचं काम म्हणून तो नीट वाचला, काही भाग उचललेला दिसला, डेटा जुळेना, आणि जुलैमध्ये तो प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) मागे घेतला गेला. एका पोराने नीट वाचलं म्हणून. तिच्या शिकवण्याचं काम ते हेच, पीजीच्या मुलांना असं वाचायला लावायचं, आणि ती ते मनापासून करते.

तिसऱ्या भेटीत आम्ही फक्त एकच गोष्ट केली, घरी काय सांगायचं ते तिने मला सासूबाई समजून सांगायचं. पहिल्या दोन वेळा लेक्चर झालं. तिसऱ्या वेळी ती भाच्यापासून सुरू झाली आणि मला पुढचं काही सुचवावं लागलं नाही.

नोकरी तिने सोडली नाही. पेशंट समोर नसण्याची खंत मात्र खरी होती, ती नुसत्या बोलण्याने जाणारी नव्हती, म्हणून डिपार्टमेंटच्याच अर्बन हेल्थ सेंटरला तिने आठवड्यातली एक ओपीडी मागून घेतली, गुरुवारची. सासऱ्यांना केबिनचं स्पष्ट नाही सांगितलं, ते महिनाभर धड बोलले नाहीत, अजूनही फार खूश आहेत असं नाही. बाबांचं तेच चालू आहे.

सासूबाई मात्र सगळं ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या म्हणे, आणि मग विचारलं, "अगं, मग माझ्या गुडघ्याच्या त्या महागड्या गोळ्यांचं पण बघून सांग ना, खरंच उपयोग होतो का ते."

पुढच्या रिव्ह्यूचा विषय त्यातूनच आलाय. प्रोटोकॉल लिहून झालाय, प्रॉस्पेरोला, म्हणजे रिव्ह्यू आधीच नोंदवायच्या यादीत, रजिस्टर करायचाय आणि दुसरी स्क्रीनर म्हणून तिची पीजीची विद्यार्थिनी आहे.