घास त्यांच्या हातचा

फोंडा

बाय,
सप्रेम आशीर्वाद.

डिचोली-सत्तरीच्या रुग्णांच्या घरभेटी आता तुझ्याकडे आल्या, याचा मला मनापासून आनंद झाला. स्ट्रोकच्या रुग्णाकडून पहिल्या दिवशी कोणता व्यायाम करून घ्यायचा, असं तू विचारलं होतंस. व्यायाम नंतर ठरव. आधी जेवणाच्या वेळेला जा. सकाळी दहाला हातपाय तपासून परतणाऱ्या थेरपिस्टला त्या घरातलं खरं काही कळत नाही. दुपारी पान वाढलं की कोण कुठे बसतं, चमचा कोणाच्या हातात असतो, तो किती भरला जातो, हे सगळं दिसतं.

पण गिळण्याची बाब सगळ्यात आधी. स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत कमी होतो, काहींचा राहतो. हॉस्पिटलच्या कागदांत गिळण्याची तपासणी झाल्याची नोंद आहे का ते बघ. नसेल तर स्पीच थेरपिस्टने (बोलण्याबरोबर गिळणंही तीच तपासते) तपासेपर्यंत खाण्यापिण्याचा सराव सुरू करू नकोस, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. ते सांगतील, "ठसका लागत नाही हो, बरे जेवतात." ठसक्यावर विसंबू नकोस. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि खोकला येतच नाही. म्हणून घोट घेतल्यावर त्यांना "आ" म्हणायला लाव. आवाज ओला, घरघरता आला तर तिथेच थांब. पुन्हा पुन्हा ताप येणं, छाती भरणं, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

आता पेजेबद्दल. आपल्याकडे आजारी माणसाला पेज दिली नाही तर घरच्यांना काही केलंसं वाटत नाही. पण गिळायला त्रास असेल तर सकाळी अकराला घ्यायची ही उकड्या तांदळाची पेज फार अवघड जाते. एकाच चमच्यात पातळ पाणी आणि अख्खी शितं असतात. तोंड शितं चावत असतं, तेवढ्यात पाणी घशाकडे निघून जातं. चहात बुडवलेल्या पावाचंही तेच. म्हणून पेज बंद करा असं मात्र सांगू नकोस. त्या माणसाचं पोट आणि मन दोन्ही त्या पेजेवर पोसलेलं असतं. पाणी आटवून मिक्सरमधून ती एकजीव करायला शिकव. चमचा भरून तिरका केला की ती गोळ्याने सुटून पडली पाहिजे. ओघळली तर पातळ आहे, चमच्याला चिकटून राहिली तर जास्त घट्ट आहे. पाणी, ताक, सोलकढी घट्ट करून द्यायला सांगितलं असेल तर घट्टपणा नजरेने ठरवू नकोस. 10 मिलीच्या सिरिंजमध्ये तो पदार्थ भर आणि 10 सेकंद खालून वाहू दे. आत 1 ते 4 मिली उरला तर पहिली पातळी, 4 ते 8 उरला तर दुसरी, त्याहून जास्त उरला पण थोडा तरी वाहिला तर तिसरी. ही आयडीडीएसआयची, म्हणजे गिळायला त्रास असणाऱ्यांच्या खाण्यापिण्याचा घट्टपणा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची पद्धत आहे. पातळी कोणती हवी हे स्पीच थेरपिस्टने ठरवायचं, ती रोज तशीच जमते का हे तू बघायचं.

गिळणं सुरक्षित आहे असं ठरलं की तुझं खरं काम सुरू होतं.

घरोघरी सून किंवा लेक शेजारी बसून भरवताना दिसेल. त्यात माया असते आणि घाईही असते, कारण मागे चुलीवर काहीतरी उकळत असतं. तिला दोष देऊ नकोस, पण ही गोष्ट तिला समजावून सांग: 1998 मध्ये सुझान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्क रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा दुसऱ्याने भरवावं लागणं हे श्वासनलिकेत अन्न जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाच्या धोक्याची एक ठळक खूण ठरली. स्वतःचा हात तोंडाकडे येतो तेव्हा तोंड आणि घसा आधीच तयार होतात. भरवणाऱ्याचा चमचा त्याच्या स्वतःच्या वेगाने येतो. तोंडाच्या अस्वच्छतेचाही त्या अभ्यासात संबंध दिसला होता, म्हणून जेवणानंतर चूळ, दात घासणं आणि लुळ्या बाजूच्या गालात अडकलेला घास बोटाने तपासणं हे औषधांइतक्याच नेमाने व्हायला हवं.

तू शिकलीस त्या पुस्तकांत काटा-चमचा असतो. आपली माणसं हाताने जेवतात. आज घरी जेवताना स्वतःच्या हाताकडे बघ. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, कालवताना बोटं पसरतात आणि मिटतात. घास गोळा करताना बोटांची टोकं अंगठ्याला भिडतात. उचलताना मनगट वळून तळहात आपल्याकडे येतो. तोंडाशी आल्यावर अंगठा घास आत लोटतो. आणि एवढं होईपर्यंत खांदा स्थिर राहतो, कंबर किंचित पुढे झुकते. हाताला थोडी हालचाल आलेली असेल तर यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही, आणि तो दिवसातून तीनदा भूक स्वतःच करून घेते.

सुरुवात शेवटाकडून कर. त्यांच्या कोपराला आणि मनगटाला आधार देऊन घास ओठांपर्यंत आण आणि शेवटचं वीतभर अंतर त्यांना एकट्याने पार करू दे. ते जमलं की आधार थोडा आधी सोड. कालवणं सगळ्यात शेवटी येईल. पहिले दिवस मऊ भात आणि दाट वरण घे, घास सुटत नाही. नुस्तं, म्हणजे मासे, हवंच असेल, आणि ते हवंच असतं, तर इसवणासारखं (सुरमईसारखं) कमी काट्यांचं, तेही दुसऱ्याने काटे काढून दिलेलं.

उजवी बाजू गेलेल्यांचं दुःख वेगळं असतं. डाव्या हाताने जेवायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. गणेशचवथीला घर माणसांनी भरलं की एक आजी पानावर बसायलाच तयार नसत. आम्ही त्यांच्या डाव्या हातात जाड मुठीचा चमचा दिला आणि उजवा हात ताटाच्या काठावर ठेवला, ताट धरायला. उजवा हात जेवणात आहे एवढ्याने त्यांची मान वर झाली. लुळ्या हाताला मांडीवर झोपवू नकोस, त्याला नेहमी काहीतरी काम दे.

डावी बाजू गेलेल्यांच्या बाबतीत ताट निरखून बघ. उजव्या बाजूचा भात संपलेला, डावीकडची भाजी तशीच. घरचे म्हणतात पोट भरलं असेल. अनेकदा त्यांच्या मेंदूला ताटाची ती बाजू जाणवतच नाही. त्यांचा डावा हात टेबलावर नजरेसमोर ठेव, तिकडे बघायला लाव, ताट फिरवून दे. घरातल्या नातवंडांना हे काम सांग, ती फार मनापासून करतात.

बाकीचं तुला येतं. खुर्चीत ताठ बसणं, पाय टेकत नसतील तर खाली पाट, जेवणानंतर अर्धा तास आडवं न होणं, टीव्ही बंद. फुलपात्र वर तोंड करून ओतू देऊ नकोस, नाकाकडची कड कापलेला कप वापर, मान मागे जात नाही. गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर आधी फार्मसीत विचारायला सांग, काही गोळ्या कुटायच्या नसतात. एप्रिल-मेमध्ये पाणी पोटात किती जातं ते रोज लिहून ठेवायला लाव, कारण घट्ट केलेलं पाणी कोणालाच आवडत नाही आणि माणसं पिणंच कमी करतात.

चमच्याच्या मुठीला चढवायच्या फोमच्या नळ्या आणि चार सिरिंजा वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. रविवारी येऊन घेऊन जा. पहिल्या घरी जेवताना काय काय दिसलं ते लिहून आण, आपण बसून बघू.

तुझी,
मॅडम